जुन्या जोंगासाठी सहा सिलिंडरचे इंजिन : निवड कशी करावी?

या पानावर आम्ही सहसा कापड, उधारी आणि हंगाम यांविषयी लिहितो. यावेळी विषय लोखंडाचा आहे. आपल्या भागातील बरेच तरुण गॅरेज, लेथ आणि लष्करी डिस्पोजलच्या मालात आहेत. जुन्या फोर-व्हील गाड्यांना अलीकडे शौकीन गिऱ्हाईक मिळू लागले आहे आणि इंजिन बदलण्याची कामे वाढली आहेत. या कामात चूक झाली तर ती हजारांत नव्हे, लाखांत जाते. आम्ही स्वतः ही चूक केली आहे आणि ती निस्तरलीही आहे. म्हणून कापडाचे व्यापारी असूनही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

शेंद्र्याच्या आमच्या गोदामात गाठींच्या मागे एक जोंगा उभी असते. तरुण वाचकांपैकी अनेकांनी ही गाडी पाहिलीही नसेल. जोंगा म्हणजे जपानच्या निसान पेट्रोल ६० या गाडीचा भारतीय अवतार. येथे 'पेट्रोल' हे गस्तीसाठीच्या इंग्रजी शब्दाचे रूप आहे, त्याचा इंधनाशी संबंध नाही. सन १९६९ पासून ती जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनू लागली. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव पडले. लष्कराने ती अधिकाऱ्यांसाठी, जखमींसाठी, १०६ मिलिमीटरची तोफ वाहण्यासाठी, अशा नाना कामांना वापरली. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. तिच्या बॉनेटखाली ३९५६ सीसीचे, एका रांगेत सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असते. बोअर ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक ११४.३. स्ट्रोक बोअरपेक्षा इतका लांब असल्याने हे इंजिन पळण्यापेक्षा ओढण्यात तरबेज आहे.

आमच्या वडील बंधूंनी १९९१ मध्ये डिस्पोजलमधून ही गाडी घेतली. गाडी १९७४ ची. करमाड, पाचोड, फुलंब्री, पिशोर या आठवडी बाजारांना गाठी नेण्यासाठी आणि शेंद्र्याला मांगीरबाबाच्या जत्रेत दुकान लावण्यासाठी ती वापरली. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर टेम्पो रुतून बसत, तेव्हा जोंगा निघून येई. खाण्याला मात्र दांडगी. लिटरमागे पाच किलोमीटर दिले तर तो दिवस चांगला समजावा.

आमचा २००७ चा हिशेब

सन २००७ मध्ये इंजिनाने तेल प्यायला सुरुवात केली. त्या काळी पेट्रोल ४८ रुपयांच्या आणि डिझेल ३६ रुपयांच्या आसपास होते. आम्ही दुकानात बसून हिशेब मांडला. गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर चालते. पेट्रोलवर बाराशे लिटर लागते, म्हणजे सत्तावन्न हजार सहाशे. ट्रकचे डिझेल इंजिन बसविले तर आठचा ॲव्हरेज मिळेल, म्हणजे साडेसातशे लिटर आणि सत्तावीस हजार रुपये. वर्षाला तीस हजार वाचतील. इंजिन आणि बसवणावळ मिळून पंच्याऐंशी हजार लागतील, ते तीन वर्षांत फिटतील. कागदावर हा हिशेब आजही बरोबर दिसतो.

गाडीत ट्रकचे सहा सिलिंडरचे डिझेल बसविले. जुने पेट्रोल इंजिन ब्लॉकसह भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिले. हातात चार हजार रुपयेही आले नाहीत. त्या दिवशी ती गोष्ट इतकी किरकोळ वाटली की वहीत तिची नोंदसुद्धा 'किरकोळ जमा' या सदरात आहे.

पुढे जे झाले ते क्रमाने सांगतो. डिझेल इंजिन मुळापेक्षा बरेच जड होते. पुढचे पाटे सहा महिन्यांत बसले. फोर-व्हील गाडीत पुढचा एक्सल इंजिनाच्या तेलटाकीखालून जातो आणि खड्ड्यात चाक उचलले की एक्सलही वर येतो. नव्या इंजिनाची तेलटाकी खोलगट होती. फुलंब्रीच्या अलीकडे एका नाल्यात एक्सल टाकीला लागला, टाकी फुटली आणि सगळे ऑइल वाहून गेले. डिझेलचे फेरे कमी, पण गिअर आणि एक्सलचे दात पेट्रोलच्या फेऱ्यांसाठी कापलेले. त्यामुळे गाडी ताशी पंचावन्नच्या पुढे जाईना आणि इंजिन सतत ओरडत राही. उलट खालच्या फेऱ्यांत डिझेलचा जोर एवढा, की गिअरबॉक्सचे दात दोनदा गेले. ज्या दिवशी गाडी उभी, त्या दिवशीचा बाजार बुडाला. आमच्या तीस हजारांच्या हिशेबात यातले एकही कलम नव्हते. २०११ मध्ये नोंदणीची मुदत संपली, आम्ही नवा पिकअप घेतला आणि जोंगा गोदामात ढकलून ठेवली.

डिझेलच्या स्वस्ताईविषयीही एक गोष्ट नोंदवावी लागेल. ती स्वस्ताई बाजाराची नव्हती, सरकारी दराची होती. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. २००७ मध्ये पेट्रोलच्या एका रुपयाला डिझेल पंचाहत्तर पैशांना पडत होते, अलीकडच्या वर्षांत ते सत्त्याऐंशी पैशांच्या आसपास गेले. जे इंजिन वीस वर्षे चालायचे, त्याची निवड आम्ही त्या वर्षीच्या पंपावरील पाटी पाहून केली.

खरा फटका २०२२ मध्ये बसला. जुन्या लष्करी गाड्या जमविणारे एक गृहस्थ पुण्याहून शेंद्र्याला आले. बॉडी, चेसिस, पुढचा विंच, सगळे पाहून खूश झाले. तोंडी आकडाही सांगितला. तो डिझेलच्या आमच्या एकूण बचतीच्या कित्येक पट होता. मग त्यांनी बॉनेट उघडले आणि आरसी पुस्तक मागितले. पुस्तकात इंधन पेट्रोल आणि जुना इंजिन नंबर. समोर डिझेल आणि त्यावर ट्रकचा नंबर. त्यांनी पुस्तक शांतपणे परत दिले, चहा घेतला आणि निघून गेले. आम्ही इंजिनाचा बदल कधी नोंदविलाच नव्हता. चार वर्षे आम्ही गाडी तशीच चालविली. त्या काळात अपघात झाला असता तर विमा कंपनीने दावा फेटाळला असता आणि तिचे चुकले असे आम्हाला म्हणता आले नसते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलायचेच असेल तर त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन, आरटीओची मंजुरी आधी घेऊन, ही सरळ वाट आहे. मंजुरी मागाहून मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला बयाणा देऊ नये.

जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार, आणि नोंदणी दहा वर्षांची. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या रस्त्यावर किंवा धंद्यासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढीच मुभा आहे. म्हणजे ज्याला गाडीवर माल वाहायचा आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

लष्करी गाडीत एक गाठ आणखी आहे. आमची गाडी १९७४ ची, पण आरटीओतील पहिली नोंद १९९१ ची. पन्नास वर्षे लष्करातील तारखेपासून मोजायची की आरटीओतील? यावर सतरा वर्षांचा फरक पडतो. जो कोणी जोंगा किंवा वन-टनर घेईल त्याने हा प्रश्न सौदा करण्यापूर्वी आरटीओला लेखी विचारावा आणि डिस्पोजलचे विक्रीपत्र जिवापाड जपावे. गाडीचे खरे वय सांगणारा तोच कागद असतो.

सहाच सिलिंडर का?

आम्हाला कित्येकांनी सुचविले की चार सिलिंडरचे एखादे लहान डिझेल टाका, जागाही उरेल. उस्ताद लोकांशी बोलल्यावर आमचे मत बनले ते असे. एका रांगेतील सहा सिलिंडरमध्ये तीन-तीन पिस्टन एकमेकांचे आरशातल्यासारखे जोडीदार असतात. एकाचा झटका दुसरा खातो आणि इंजिन जवळजवळ थरथरतच नाही. शिवाय दोन फेऱ्यांत चार ऐवजी सहा ठोके मिळतात, त्यामुळे चिखलात किंवा चढावर अगदी हळू चालविताना ओढ तुटत नाही. चार सिलिंडरचे इंजिन अशा वेळी हिसके देते आणि त्याच हिसक्यांत चाक घसरते. जोंगाची चेसिस, माउंटिंग, रेडिएटर, गिअर, सगळे सहाच्या हिशेबाने केलेले आहे. सहाचा तोटा त्याच्या लांबीत आहे. पंखा आणि रेडिएटर यांत बोटभर जागा राहते, म्हणून दुसऱ्या जातीचे सहा बसविताना कोणी ना कोणी रेडिएटर पुढे ढकलतो किंवा मागची भिंत कापतो. भिंत कापली की गाडीचे मोल गेले.

आमच्यासमोर चार वाटा होत्या. पहिली, आखातातून आणलेले निसानचे पुढच्या काळातील ४१६९ सीसीचे इंजिन. ते पेट्रोल आणि डिझेल दोन्हींत बनले, ताकद चांगली, आणि आपल्याकडचे कितीतरी लोक आखातात असल्याने 'मी पाठवतो' म्हणणारे भेटतात. पण जुने इंजिन परदेशातून आणायचे तर आयातीचे नियम, जकात आणि कागद यांतच जीव जातो, आणि प्रकार वेगळा असल्याने आरटीओचा प्रश्न उभाच राहतो. दुसरी वाट टोयोटा लँड क्रूझरच्या ४१६४ सीसीच्या सहा सिलिंडर डिझेलची. ते इंजिन नावाजलेले आहे यात वाद नाही, पण जोंगात ते परकेच. इंधनही बदलते. तिसरी वाट पुन्हा देशी ट्रकच्या डिझेलची. तिच्याविषयी वर लिहिलेच आहे. चौथी वाट मूळ इंजिनाच्या सख्ख्या भावाची. जबलपूरलाच बनलेल्या निसान वन-टन ट्रकमध्ये याच घराण्याचे पेट्रोल सहा असे. लष्कराने ते ट्रक मोठ्या संख्येने वापरले, त्यामुळे इंजिने आजही डिस्पोजलमध्ये सापडतात.

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट आम्ही पोरवयात शिकलो. एकाच रंगाचे दोन ताके वेगवेगळ्या लॉटचे असले तर दुकानात ते सारखे दिसतात, पण शिवून उन्हात नेले की सांधा उघडा पडतो. म्हणून जुन्या कामाला कापड जोडायचे असेल तर आधी त्याच लॉटचा तुकडा शोधायचा. तो नाहीच मिळाला तर मग दुसऱ्याचा विचार. आम्ही चौथी वाट धरली.

इंजिन पाहावे कसे?

जुन्या इंजिनाचा बाजार मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला, जुन्या जीपगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मंडी डबवालीला आहे. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या भागांपायी डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद पाडला, हे लक्षात असू द्यावे. पक्के बिल, त्यावर इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून निघाले तिचा डिस्पोजलचा कागद, या तिन्हींशिवाय कितीही चांगले इंजिन घेऊ नये. नंबराची जागा घासलेली किंवा पुन्हा ठोकलेली वाटली तर तिथेच सलाम करून निघावे.

आम्ही दोन इंजिने पाहिली. पहिले रंगवून चकाकत होते. आमच्या उस्तादांनी ऑइलची कांडी काढली, तर तेल दूध घातलेल्या चहासारखे. तेलात पाणी, म्हणजे गॅस्केट गेलेले किंवा ब्लॉक तडकलेला. हेड उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरमध्ये केसासारखी रेघ निघाली. विक्रेता म्हणाला, वेल्डिंग करून देतो. बिडाच्या ब्लॉकचे वेल्डिंग खात्रीचे नसते. आम्ही ते सोडले. रिकाम्या हाताने परत येण्याचे भाडे लागले, ते खर्चात धरावेच.

दुसरे इंजिन मळकट होते, पण चालू करून दाखविले. गरम झाल्यावर सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून एकेका सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजले. येथे आकडा किती आला यापेक्षा सहाही आकडे सारखे आहेत का हे पाहावे. दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंग-पिस्टनचा, न चढला तर व्हॉल्व्हचा. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटलेले समजावे. आमच्या इंजिनात पाचवा कमी होता, ऑइल टाकल्यावर चढला. म्हणजे दोष दुरुस्त होणारा. नव्वद हजारांत सौदा झाला.

इंजिन शेंद्रा एमआयडीसीतील एका लेथच्या शेडमध्ये उतरविले. याच वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या आणि पुढे ऑडीच्या नव्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि त्याच मातीत एक पोरगा पन्नास वर्षांचा बिडाचा ब्लॉक मायक्रोमीटरने मोजत बसला होता. बोअर वरच्या बाजूला ८६.७ निघाला, म्हणजे मुळापेक्षा एक मिलिमीटर जास्त. एकदा बोअर झालेले इंजिन होते. अशा वेळी आणखी कापण्यापेक्षा स्लीव्ह घालून बोअर मूळ मापावर आणणे आम्हाला बरे वाटले. खर्च जास्त आला, पण पुढच्या पिढीला कापायला जागा राहिली. आधी पिस्टन हातात घ्यावेत आणि मगच बोअर करावे. पिस्टनची वाट पाहत कापून ठेवलेले ब्लॉक आम्ही गंजताना पाहिले आहेत.

आजच्या इंधनासाठी दोन गोष्टी करणे भाग आहे. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले, आणि जुन्या नरम बैठका हळूहळू झिजून व्हॉल्व्ह आत बसू लागतात. हेड उघडलेच आहे तर कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. दुसरी गोष्ट इथेनॉलची. २०२५ पासून बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे वॉशर त्यात फुगतात, तडकतात आणि आगीचा धोका होतो. ते सारे इथेनॉल सोसणारे घालावे. मिश्रण पातळ होते म्हणून जेट थोडा मोठा लागतो. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत असे पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये, ते हवेतील पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते.

हेड, स्लीव्ह, पिस्टन, क्रँक ग्राइंड, बेअरिंग, रेडिएटर, वायरिंग आणि मजुरी मिळून एक लाख पंचेचाळीस हजार गेले. इंजिन धरून दोन लाख पस्तीस हजार. थकलेल्या नोंदणीचा दंड आणि शुल्क वेगळे. २००७ मध्ये मूळ इंजिनच उघडून दुरुस्त केले असते तर काय लागले असते, हा आकडा उस्तादांनी आम्हाला सांगितला आहे. तो येथे लिहिण्याची आमची इच्छा नाही.

मंजुरीचा अर्ज इंजिन बसविण्यापूर्वी दिला होता. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी बॅटरीच्या उजेडात नंबर वाचला, बिलाशी ताडला आणि पुस्तकात नवा नंबर चढला. व्हिंटेजच्या तारखेबाबत आमचा लेखी अर्ज दिलेला आहे, उत्तर आल्यावर या पानावर कळवू. काढलेले डिझेल इंजिन पाहायला दोन भंगारवाले येऊन गेले. ते शेंद्र्याच्या गोदामात फळीवर, ग्रीस लावून, त्याच्या बिलासह ठेवले आहे. ज्या जातीच्या ट्रकचे ते आहे, त्या ट्रकवाल्याची आम्ही वाट पाहत आहोत.